२८ फुटी शिडाच्या बोटीवर घरगुती उपकरणं: काय चालतं आणि काय नुसती बॅटरी खातं

प्रश्न थोडक्यात असा आहे. सेकंडहँड २८ फुटी शिडाची बोट घेतलीय, मुंबईत मुरिंगवर (पाण्यातल्या कायमच्या नांगराला बांधून) उभी असते. नवरा-बायको आणि शाळेत जाणारी मुलगी. ऑक्टोबर ते मे शनिवार-रविवार मांडवा, मुरूड असं फिरायचं आणि नाताळच्या सुट्टीत दहा दिवस काढून किनाऱ्याकिनाऱ्याने गोव्यापर्यंत जायचं. बोटीवर १०० अँपिअर-अवरची (एएच) एक लेड-ॲसिड बॅटरी आणि १०० वॅटचं एक सोलर पॅनल आहे. घ्यायच्या सामानाची यादी: ४५ लिटरचा छोटा फ्रिज, इंडक्शन, केटल, मिक्सर, छोटा मायक्रोवेव्ह, फोल्डिंग वॉशिंग मशीन आणि पोर्टेबल एसी. सगळं लहानातलं लहान शोधलंय, यातलं काय घेऊ?

आधी सरळ उत्तर देतो. मिक्सर घ्या. फ्रिज घ्या पण हा नको. केटलचं पुढे बोलतो. बाकीचं सगळं घरीच राहू द्या. मी मुंबई आणि रायगडच्या बाजूला बोटींचं वायरिंग आणि आतलं फिटिंग करतो, आणि ही यादी थोड्याफार फरकाने प्रत्येक नवीन मालकाकडे असते, कारण सगळे लांबी-रुंदी बघून निवडतात. बोटीवर जागा कमी असते हे खरंच, पण जागेच्या आधी वीज संपते. मोटर दोन मिनिटं फिरवणं स्वस्त असतं, दिवसभर गार ठेवणं महाग, आणि विजेने गरम करणं सगळ्यात अवघड. यादीतली प्रत्येक वस्तू या तिनातल्या कुठल्या खान्यात जाते ते बघितलं की अर्धे प्रश्न तिथेच मिटतात, वस्तू केवढी आहे हा नंतरचा मुद्दा.

आता तुमचा हिशोब. शंभर एएचची लेड-ॲसिड म्हणजे वापरायला पन्नासच, त्याखाली रोज नेलीत तर एका सीझनमध्ये बॅटरी मरते. उपकरणं यायच्या आधीच बोट स्वतः किती खाते ते बघा: केबिनचे एलईडी दिवे दोन-तीन एएच, रात्री नांगरावर असताना वरचा अँकर लाइट दोन, व्हीएचएफ रेडिओ नुसता ऐकायला चालू ठेवला तरी दिवसाचे पाच, चार्टप्लॉटर (समुद्राचा नकाशा दाखवणारा स्क्रीन) प्रवासाच्या दिवशी आठ, दोन बारा व्होल्टचे छोटे पंखे रात्रभर सहा, पाण्याचा पंप दोन, दोघांचे फोन तीन-चार. झाले की तीसच्या आसपास. आणि १०० वॅटचं पॅनल बोटीवर किती देतं, तर कागदावर काही असो, मास्ट (डोलकाठी), बूम (शिडाचा आडवा दांडा), रिगिंगच्या (दोरखंडांच्या) सावल्या धरून दिवसाला पंचवीस ते तीस एएच. म्हणजे तुमची बोट आज जेमतेम स्वतःचं भागवतेय, तिच्याकडे फ्रिजला द्यायला काहीच नाहीये. इंजिनावर भिस्त ठेवू नका, या साइजच्या बोटीच्या छोट्या डिझेलवर साधारण ३५ अँपिअरचा अल्टरनेटर असतो आणि तो पूर्ण ३५ फार कमी वेळ देतो, तासभर मोटरिंग केलं तर पंधरा-वीस एएच परत आले असं धरा.

परदेशातले व्हिडिओ बघून यादी केलीय असं दिसतंय, त्यात दोष काही नाही, पण त्या लोकांची बोट रात्री मरीनात पाँटूनला (तरंगत्या धक्क्याला) बांधलेली असते आणि शेजारी विजेचा खांब असतो. आपल्याकडे कोचीला बोल्गाटीच्या मरीनात तशी सोय मिळते, गेटवेसमोर मुरिंगवर उभ्या बोटीला प्लग कुठून येणार. दुसरं म्हणजे तिथलं समुद्राचं पाणी थंड, आपलं २८-३० डिग्री, बोटीचं पोट त्याच पाण्यात बुडालेलं, त्यामुळे तिकडे फ्रिज जेवढी वीज खातो त्यापेक्षा इथे पुष्कळ जास्त खातो. युरोपातून आलेल्या बऱ्याच जुन्या बोटींच्या आइसबॉक्सला इन्सुलेशन इतकं पातळ असतं की आपल्या उन्हाळ्यात ते असून नसल्यासारखं. आणि हो, बोट अमेरिकेतून आलेली असेल तर आतलं वायरिंग ११० व्होल्टचं असू शकतं, आपली २३० ची वस्तू त्या सॉकेटला लावायच्या आधी मीटर लावून बघा.

आता फ्रिज, आणि यावर जरा थांबतो, कारण पैसे इथेच वाया जातात.

तुम्ही बघितलाय तो ४५ लिटरवाला हॉटेलच्या खोलीत असतो तसला आहे. यात दोन जाती येतात. एक आतमध्ये कॉम्प्रेसर नसलेली, म्हणजे पेल्टियरची (वीज दिली की एक बाजू गार होणारी) चिप असलेली, जी गाडीत ठेवायच्या स्वस्त कूलबॉक्समध्येही असते. ती बाहेरच्या तापमानापेक्षा फार तर वीसेक डिग्री खाली जाते, म्हणजे केबिन ३४ असेल तर आत १४-१५, त्यात दूध टिकत नाही आणि मासे तर नाहीच नाही, आणि वर चार-पाच अँपिअर चोवीस तास सलग. दिवसाला शंभर एएच! तुमची आख्खी बॅटरी, तीही रिकामी होईपर्यंत. दुसरी जात घरगुती २३० व्होल्टच्या कॉम्प्रेसरची. ती बरी गार करते, पण तिच्यासाठी इन्व्हर्टर चोवीस तास चालू ठेवावा लागतो, इन्व्हर्टर नुसता जागा राहायलाच दहाएक वॅट खातो म्हणजे दिवसाचे वीस एएच कुणी काही न खाता-पिता गेले, कॉम्प्रेसर सुरू होताना करंट कितीतरी पट उसळतो म्हणून इन्व्हर्टर मोठा घ्यावा लागतो, आणि शिडावर बोट वीस डिग्री कलून तीन-तीन तास जाते तेव्हा घरातल्या सपाट फरशीसाठी बनवलेला कॉम्प्रेसर कुरकुरतो. शिवाय दार समोर उघडतं. गार हवा जड असते, दार उघडलं की ती खाली सांडून जाते, आणि बोट कललेली असेल तर गार हवेच्या मागोमाग दह्याचं भांडंही येतं.

गॅसवर चालणारे फ्रिजही कुणीतरी सुचवेल, ते कॅराव्हॅनमध्ये छान, त्यांना सपाट उभं राहावं लागतं, शिडाच्या बोटीवर विषयच नाही.

घ्यायचा तो बारा व्होल्टवर थेट चालणारा, वरून उघडणारा, खरा कॉम्प्रेसर असलेला. यात जुनं नाव डॅनफॉसच्या बीडी ३५ आणि बीडी ५० कॉम्प्रेसरचं, आता तो धंदा सेकॉप नावाने चालतो. त्यावर बनवलेले बॉक्स चांगलेच, पण आता बारा व्होल्टचे इतरही बरेच पोर्टेबल बॉक्स मिळतात आणि गाडीने फिरणाऱ्या लोकांमुळे आपल्याकडेही सहज मिळायला लागलेत. चालू असताना चार-पाच अँपिअर खेचतो, पण मधे मधे बंद होतो, कोकणातल्या हवेत २० ते २५ लिटरच्या बॉक्सला दिवसाला तीस-चाळीस एएच धरा, ४० लिटरला त्याहून जास्त. तुम्हा तिघांना २५ लिटर पुरेल. मोठा घेतला की त्यात कोल्ड्रिंक भरली जातात आणि ती गरमच आत टाकली जातात, मग कॉम्प्रेसर थांबतच नाही. निघायच्या आदल्या रात्री घरच्या विजेवर बॉक्स सामानासकट गार करून न्यायचा, बोटीवर फक्त गार ठेवायचं काम उरलं पाहिजे.

विकत घेतल्यावर लगेच बोटीवर नेऊ नका. घरी बाल्कनीत ठेवा, आत पाण्याच्या बाटल्या भरा, बारा व्होल्टच्या बॅटरीवर चोवीस तास चालवा आणि मधे एक छोटा डीसी वॅटमीटर लावा, तो फार महाग नसतो. जो आकडा येईल तो तुमचा खरा आकडा, खोक्यावरचा नाही. खोक्यावरचा बहुतेक वेळा २५ डिग्रीच्या खोलीतला असतो.

बोटीवर बसवल्यावर "फ्रिज बिघडला" म्हणून मला जे फोन येतात त्यात फ्रिज बहुतेक वेळा चांगलाच असतो, वायर बारीक असते. बारा व्होल्टमध्ये वायरीत थोडंसं व्होल्टेज पडलं तरी दिसतं. दीड एमएमची वायर, बॅटरीपासून फ्रिज पाच मीटर, जाऊन-येऊन दहा, पाच अँपिअर, म्हणजे अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त वायरीतच गेलं. बॅटरी पहाटे १२.१ ला आलेली असते, फ्रिजला पोचतात साडेअकरा, त्यात सुरू होतानाचा झटका, कॉम्प्रेसरचा कंट्रोलर म्हणतो बॅटरी संपली आणि बंद पडतो. चार एमएमची टिन केलेली तांब्याची वायर टाका, साधी तांब्याची खाऱ्या हवेत आतून काळी पडते. आणि फ्रिजसोबत आलेली ती सिगारेट लायटरची पिन कापून टाका. बोटीच्या हादऱ्याने ती सैल होते, सैल झाली की तापते, तापली की सॉकेटचं प्लास्टिक वितळतं. स्क्रू होणारा पक्का कनेक्टर लावा आणि फ्यूज बॅटरीच्या जवळ, फ्रिजच्या जवळ नाही.

फ्रिजच्या जाळीला हवा लागते. बऱ्याच जणांना बॉक्स क्वार्टर बर्थच्या (मागच्या बाजूच्या झोपायच्या जागेच्या) खाली ढकलून द्यायचा मोह होतो, तिथे तो स्वतःच्याच गरम हवेत बसून राहतो आणि वीज दुप्पट खातो.

आता खरं सांगायचं तर तुमच्या वीकेंडसाठी फ्रिज लागतच नाही, बर्फ लागतो. कोकणात जिथे मासेमारीचं बंदर तिथे बर्फ असतोच: ससून डॉक, हर्णै, मिरकरवाडा, मालवण. लादी फोडून हवा तेवढा तुकडा देतात. दहा किलो बर्फ वितळताना ९०० वॅट-अवरपेक्षा जास्त उष्णता खातो, तेवढंच काम कॉम्प्रेसरकडून करून घ्यायला पन्नासच्या वर एएच गेले असते. म्हणजे दहा किलोची लादी ही तुमच्या आख्ख्या बॅटरीच्या वापरण्याजोग्या भागाइतकी आहे, तिला ना वायर लागते ना फ्यूज. नीट दोन इंच फोम असलेल्या बॉक्समध्ये ती आपल्या हवेत दोन दिवस सहज जाते. मात्र हा बर्फ मासे ठेवायचा आहे, सरबतात टाकायचा नाही, आणि सामान झाकण घट्ट लागणाऱ्या डब्यांत ठेवा. बॉक्सचं पाणी बिल्जमध्ये (बोटीच्या तळाच्या खोलगट भागात) सोडणारी नळी जुन्या बोटींना असते, ती बंद करा आणि पाणी हाताने काढा, नाहीतर बोटीला कायमचा वास लागतो. घरून नेताना मटणाचं, माशाचं वाटण प्लास्टिकच्या डब्यात फ्रीझरमध्ये दगड करून न्या, तेही बर्फाचंच काम करतं आणि तिसऱ्या दिवशी कालवणात जातं. गोव्याच्या दहा दिवसांना मात्र फ्रिज घ्या, कारण वाऱ्याने वेळापत्रक बिघडलं की बर्फाचं बंदर गाठता येईलच असं नसतं.

मिक्सर. लोक ५०० वॅट वाचून घाबरतात आणि फ्रिजचे ५० वॅट वाचून निर्धास्त होतात, हिशोब बरोबर उलटा आहे. ५०० वॅटचा मिक्सर दोन मिनिटं फिरला तर दीड एएच गेले, बस. घरचा ७५० वॅटचा तीन जारवाला आणू नका, तो जड आहे आणि सुरू होताना खूप मोठा झटका देतो. ३००-४०० वॅटचा एका जारचा छोटा घ्या आणि त्याला ८००-१००० वॅटचा प्युअर साइन वेव्ह इन्व्हर्टर. स्वस्तातल्या चौकोनी वेव्हच्या इन्व्हर्टरवर मिक्सरची मोटर घूं घूं करते, तापते. इन्व्हर्टर कामापुरता चालू करायचा आणि लगेच बंद, स्विच हाताशी असेल असा बसवा. बॅटरीपासून इन्व्हर्टरची केबल मीटरभर आणि जाड, १००० वॅटला ३५ एमएमची, दोन्ही टोकांना नीट क्रिंप केलेली. मध्ये टेपने गुंडाळलेला जोड दिसला तर मी ते काम हातात घेत नाही. आणि इन्व्हर्टरच नको असेल तर दोरी ओढून फिरणारा तो चॉपर आहे ना, कांदा, टोमॅटो, मिरची, खोबरं सगळं होतं. माझ्या ओळखीच्या निम्म्या बोटींवर मिक्सर जाऊन तोच राहिलाय.

केटलवर मत बदलायला हरकत नाही असं मला वाटतं. एक लिटर पाणी उकळायला बॅटरीतून आठ-नऊ एएच जातात, फार नाहीत. अडचण एएचची नसून करंटची आहे. १५०० वॅटची केटल बारा व्होल्टमधून १४० अँपिअर मागते, तुमच्या लेड-ॲसिडचं व्होल्टेज एवढ्या ओढीला कोसळेल आणि इन्व्हर्टर ओरडून बंद पडेल. बॅटरी लिथियम केलीत तर ६०० वॅटची छोटी प्रवासी केटल ठीक चालते, चहापुरतं पाणी चार-पाच मिनिटांत. तरीही सोपं काय, तर एक लिटरचा स्टीलचा चांगला थर्मास. सकाळी नांगरावर असताना गॅसवर उकळलेलं पाणी भरून ठेवा, दुपारी बोट उड्या मारत असताना कुणालाही शेगडी पेटवायला लागू नये. रुंद तोंडाच्या थर्मासमध्ये दलिया, ओट्स झाकून ठेवले की आपोआप शिजतात.

इंडक्शनवर एक वेळचा वरण-भात-भाजी म्हणजे अर्धा तास, चाळीस एएच. दोन वेळचे ऐंशी. होणार नाही. मायक्रोवेव्हवर ७०० लिहिलेलं असतं पण आत तो ११००-१२०० खेचतो, आणि गरम काय करणार त्यात. वॉशिंग मशीनची वीज किरकोळ आहे हो, पण पाणी? तुमची टाकी शंभरेक लिटरची असेल, त्यात कपडे धुवायचे का. झाकणाची बादली, गोडं पाणी, साबण, बोट हलते तेवढं पुरतं. इस्त्री आणि हेअर ड्रायर कुणी विचारले नाहीत, विचारू पण नका.

तर स्वयंपाक गॅसवर, आणि इथे मी थोडा कडक होतो. एलपीजी हवेपेक्षा जड, प्रोपेन दीडपट आणि ब्यूटेन दुप्पट. घरात गळती झाली तर खिडकी उघडता, बोटीला खाली दार नाही, गॅस बिल्जमध्ये जाऊन साचतो आणि बिल्ज पंपाच्या स्विचची एक ठिणगी पुरते. सिलिंडर केबिनमध्ये कधीच नाही. पाच किलोचा छोटा सिलिंडर कॉकपिटच्या (सुकाणूजवळच्या उघड्या बैठकीच्या) मागच्या टोकाला, तळाला भोक असलेल्या आणि ते भोक थेट बोटीबाहेर उघडणाऱ्या खणात. स्वयंपाक झाला की आधी सिलिंडरची चावी बंद, शेगडी आपोआप विझू द्या, मग शेगडीची. गॅस डिटेक्टर लावलात तर खाली लावा, धुराच्या अलार्मसारखा छताला नाही.

शेगडी घरची काचेची दोन बर्नरवाली आणू नका. काच फुटते हा एक भाग झाला. मुख्य म्हणजे घरगुती शेगडीत बहुतेक वेळा ज्योत विझली की गॅस बंद करणारा थर्मोकपल नसतो, आणि बोटीवर वाऱ्याच्या एका झुळुकीने किंवा उतू गेलेल्या भाताने ज्योत विझणं रोजचं आहे. बोटीसाठीची शेगडी घ्या: स्टेनलेसची, थर्मोकपलवाली, झोपाळ्यासारखी डुलणारी म्हणजे गिंबलवर टांगलेली, भांडं धरून ठेवणारे चिमटे असलेली. तुमच्या यादीतल्या सगळ्या वस्तू रद्द करून पैसे या एकीवर घातलेत तरी चालेल. ते बजेट आत्ता नसेल तर कार्ट्रिजवर चालणारी एका बर्नरची पिकनिक शेगडी, पण फक्त नांगरावर असताना, कॉकपिटमध्ये, आणि कार्ट्रिज केबिनच्या बाहेर सावलीत ठेवायची, त्यांना खाऱ्या हवेत गंज फार लवकर लागतो. गंजलेली दिसली की टाका.

आणि भांड्यात तीन लिटरचा प्रेशर कुकर. बोटीसाठी याहून चांगलं उपकरण मला माहीत नाही. झाकण लॉक होतं म्हणून लाटेत उलटला तरी आमटी जमिनीवर येत नाही, गॅस निम्म्याने वाचतो, केबिनमध्ये वाफ कमी होते. अर्ध्यापेक्षा कमी भरा आणि शिडावर जाताना नाही, नांगर टाकल्यावर लावा. बाहेरच्या झाकणापेक्षा आतून बसणारं झाकण मला बरं वाटतं, ही माझी आवड समजा.

एसी नाहीच. रात्रभर लावलात तर कॉम्प्रेसर मधे मधे थांबला तरी पाच-सहा युनिट, म्हणजे १०० एएचच्या चार-पाच लिथियम बॅटऱ्या एका झोपेला. शिवाय त्याचा गरम हवेचा पाइप काढायचा कुठून. नांगरावरच्या बोटीत एक देणगी असते, तिचं नाक आपोआप वाऱ्याकडे वळतं. पुढच्या हॅचवर (छताच्या झडपेवर) कापडाचं विंडस्कूप लावलं की तो वारा सरळ बर्थवर येतो. आपल्या सीझनमध्ये दुपारी समुद्राकडून खारे वारे आणि रात्री उशिरा जमिनीकडून मतलई, त्यामुळे मधला संध्याकाळचा तासभर सोडला तर हलतं वारं असतंच. त्या तासासाठी प्रत्येक बर्थला एक बारा व्होल्टचा, तीन-चार वॅटचा पंखा. सोलरसाठी म्हणून विकतात ते १५-२० वॅटचे मोठे पंखे नकोत. दिवसा बूमवर पांढरी ताडपत्री टाका, केबिनमध्ये लगेच फरक कळतो. खाडीत नांगर टाकणार असाल तर हॅचला मच्छरजाळी आधी, बाकी सगळं नंतर.

समुद्राचं पाणी गोडं करायचं मशीन तुम्ही विचारलेलं नाही पण विचाराल. बारा व्होल्टवर चार अँपिअर खाऊन तासाला साडेपाच-सहा लिटर देणारी छोटी यंत्रं आहेत, लांबच्या सफरींना ती सोन्यासारखी. पण मुंबईच्या हार्बरमधलं गढूळ, तेलकट पाणी त्यात घातलंत तर मेंब्रेन (मीठ गाळणारा पडदा) वाया गेलं समजा, आणि कोकणात दिवसाच्या अंतरावर कुठलं ना कुठलं बंदर असतंच. वीस लिटरचे कॅन घ्या. गोव्यात दिवाडीला बांधलेल्या म्हादेईवरून दिलीप दोंदे २००९-१० मध्ये एकट्याने जगप्रदक्षिणा करून आले, ते वाचून अनेकांना तसलं सगळं सामान हवं असतं, पण ती ५६ फुटी बोट आहे आणि जायचं होतं दक्षिण महासागरात.

वीज वाढवायची कशी. तुम्हाला एखादा इलेक्ट्रिशियन हमखास सांगेल की घरच्या इन्व्हर्टरची १५० एएचची ट्युब्युलर घ्या, स्वस्त आहे. घेऊ नका. ती उंच असते, पन्नास-साठ किलो भरते, आत पातळ ॲसिड असतं आणि बोट कलली की झाकणातून बाहेर येतं. आणि बिल्जमधलं खारं पाणी बॅटरीत शिरलं तर क्लोरीन वायू होतो, बंद केबिनमध्ये. एक तर सीलबंद एजीएम (ॲसिड न सांडणारी लेड बॅटरी) घ्या, नाहीतर १०० एएचची लिथियम आयर्न फॉस्फेट. लिथियममधून ऐंशी-नव्वद एएच बिनधास्त वापरता येतात आणि वजन लेडच्या निम्म्याहून कमी. पण तिला अल्टरनेटर थेट जोडायचा नाही, ती एवढा करंट ओढते की छोटा अल्टरनेटर जळतो, मध्ये २०-३० अँपिअरचा डीसी-टू-डीसी चार्जर लागतो. आत्ताची लेड-ॲसिड फक्त इंजिन स्टार्टला वेगळी ठेवा, हे तर आजच करा, फ्रिज घ्या किंवा न घ्या. रात्री वारा फिरला, बोट किनाऱ्याकडे सरकायला लागली आणि चावी फिरवल्यावर नुसतं टक्क झालं, तर तिथे फ्रिजमधलं काही कामाला येत नाही.

पॅनल एकूण ३०० वॅट करा, एमपीपीटी कंट्रोलरसह (पॅनलमधून जास्तीत जास्त वीज काढणारा). एक मोठं न लावता शंभर-शंभरची एक डावीकडच्या रेलिंगवर, एक उजवीकडच्या, जुनं मागे. गोव्याकडे जाताना दुपारी वारा वायव्येचा म्हणजे मागून उजवीकडून, शीड डावीकडे गेलेलं, ऊन पश्चिमेचं म्हणजे उजवीकडूनच, त्यामुळे उजवं पॅनल पूर्ण उन्हात आणि डावं शिडाच्या सावलीत. सकाळी मतलईवर बरोबर उलटं. पॅनल समांतर जोडा, सिरीजमध्ये जोडलीत तर सावलीतलं एक बाकीच्यांनाही मागे ओढतं. एवढं झालं की ऐंशीच्या आसपास एएच रोज येतात, बोट तीस, फ्रिज चाळीस, मिक्सर आणि चहा उरलेल्यात बसतात.

किरकोळ पण विसरू नका असं: स्पीकर, मोटर, चुंबकाचं झाकण असलेलं काहीही स्टिअरिंगच्या कंपासपासून निदान मीटरभर लांब. स्वस्त एलईडी दिव्यांनी व्हीएचएफमध्ये खरखर येते, दिवा लावून आणि बंद करून चॅनल १६ (संकटाच्या हाकेचं) ऐकून बघा. प्रत्येक वस्तूला पट्टा किंवा खाचा हव्यात, २५ लिटरचा भरलेला बॉक्स कललेल्या बोटीत सुटला तर पाय मोडतो. पावसाळ्यापूर्वी बोट वर काढाल तेव्हा मिक्सर, फ्रिज, इन्व्हर्टर सगळं घरी न्या, चार महिने बंद केबिनमध्ये ठेवलेलं इलेक्ट्रॉनिक्स ऑक्टोबरला हिरवं झालेलं मिळतं.

क्रम विचारलात तर आधी स्टार्ट बॅटरी वेगळी, मग गॅसचा खण आणि शेगडी, मग पंखे आणि ताडपत्री, हा सीझन बर्फावर काढा, पॅनल आणि लिथियम पुढच्या पगारवाढीला, फ्रिज त्यानंतर. आणि फ्रिज ऑर्डर करायच्या आधी कंपॅनियनवेच्या (केबिनमध्ये उतरायच्या जिन्याच्या) दाराची रुंदी आतल्या बाजूने मोजा, हँडल धरून बॉक्स केवढा होतो तेही बघा, या साइजच्या बऱ्याच बोटींत ती वाट खाली निमुळती होत जाते आणि वरच्या मापाने घेतलेला बॉक्स तिसऱ्या पायरीवर अडकतो.